गौरामावशीचा खडक

"तुम्ही आमच्या कष्टांची माती केलीत," असं म्हणून मी दोन्ही हात पसरले आणि खुर्चीत कोसळले.

कॉन्फरन्स रूममध्ये टाळ्या पडल्या. मी उठले, ओढणी सारखी केली आणि पुढच्या तक्रारीकडे वळले.

हे माझं सोमवार सकाळचं काम. महाप्याच्या एका गेम कंपनीत मी प्लेयर सपोर्टची हेड आहे. म्हणजे गेम बनवणारे वेगळे, आणि त्यावरून शिव्या खाणारी मी. ऑफिसात सगळे माझ्या मुलीच्या वयाचे. तक्रारींचा रिपोर्ट मेल केला तर एकही जण उघडत नाही, हे मला पहिल्याच महिन्यात कळलं. मग मी त्या वाचून दाखवायला लागले. आवाज काढून, हातवारे करून. कॉलेजात एकांकिका केल्या होत्या, त्या अशा कामी आल्या. आता सोमवारी कुणी उशिरा येत नाही. कँटीनचा चहावाला पण दारात रेंगाळतो.

त्या सोमवारी मात्र तक्रारींचा ढीग नेहमीपेक्षा मोठा होता. कारण शुक्रवारी आम्ही फार्मिंगवर मर्यादा आणली होती.

फार्मिंग म्हणजे काय, ते आधी सांगते. आमच्या गेमचं नाव 'बंदरगाव'. तुम्हाला समुद्रकिनाऱ्यावर एक झोपडी मिळते. तुम्ही मासे धरायचे, खडकावरची कालवं काढायची, बाजारात विकायची, होडी बांधायची. होडी मोठी झाली की लांबच्या बेटांवर जायचं. आता मोठी होडी हवी तर माल भरपूर लागतो. म्हणून लोक एखादा चांगला खडक शोधतात आणि तिथेच बसून बोटाने टकटक करत राहतात. एकच काम, एकाच जागी, परत परत. याला खेळाडू फार्मिंग म्हणतात. बघणाऱ्याला वाटतं, यात मजा काय? पण मी स्वतः टीव्ही बघत शेंगा सोलते तेव्हा मला कुणी हे विचारत नाही.

मग अडचण काय होती? बॉट. बॉट म्हणजे माणसाऐवजी खेळणारा प्रोग्रॅम. त्याला झोप नाही, भूक नाही, कंटाळा नाही. काही लोकांनी असे बॉट सोडले आणि बंदरगावच्या बाजारात कालवांचे डोंगर आले. खऱ्या माणसाची टोपली कुणी विचारेना.

यावर निखिलने उपाय काढला. निखिल आमचा अँटी-चीट इंजिनियर. गेममधला पोलीस म्हणा. शांत मुलगा, कानात कायम हेडफोन. त्याच्या उपायाचं नाव 'थकवा'. एकाच खडकावर ठरावीक माल काढला की तुमचं पात्र कपाळ पुसतं, मट्टकन खाली बसतं, आणि गेम त्याला उचलून गावात नेऊन सोडतो. तो खडक दुसऱ्या दिवसापर्यंत तुमच्यासाठी बंद. आणि ज्याचं खेळणं सिस्टिमला बॉटसारखं वाटेल त्याचं खातंच बंद. अपील करता येतं. आठवडाभरात निकाल लागतो. अपील फेटाळलं की खातं कायमचं पुसलं जातं.

कागदावर झकास. पण खेळाडू असे पेटले की काय सांगू. एकाने लिहिलं होतं, "मी दिवसभर गोडाऊनमध्ये खोकी उचलतो. थकवा काय असतो ते मला शिकवू नका. घरी आल्यावर एक तरी माणूस असा असू द्या जो थकत नाही." हे मी जड आवाजात वाचलं. हसू आलं नाही कुणाला. दुसरा एक मुलगा होडी बांधत होता, धाकटा भाऊ होस्टेलवरून सुट्टीत आला की त्याला ती द्यायची होती. आता होणार नव्हती. पुण्याच्या एका आजोबांनी तर आमच्या घराण्याचाच उद्धार केला होता, तो मी पूर्ण आवाजात सादर केला.

आमचा बॉस कुणाल. वय तिशीच्या आसपास, पायात पांढरे शुभ्र बूट, डोळ्यांत कायम पुढची मीटिंग. तो म्हणाला, "मॅम, नवीन नियमावर लोक ओरडतातच. पंधरा दिवसांत गप्प होतील." आणि ते खरंही होतं. मी पण मान डोलावली. सपोर्टमध्ये इतकी वर्षं काढल्यावर एक कळतं, जो ओरडतो तो गेममध्ये थांबणार असतो.

मग मी शेवटचं अपील काढलं. खात्याचं नाव 'गौरा मोरा'. फोनला तोंडी सांगून टाइप केलेलं होतं, त्यामुळे सगळं एका दमात, ना स्वल्पविराम ना पूर्णविराम. त्यातला अर्थ एवढाच की माझा खडक का बंद केला, मी कुणाच्या खडकावर गेले नाही, कुणाची चोरी केली नाही, माझं नाव कुणी सांगितलं ते मला सांगा.

सिस्टिमने तिला आपोआप उत्तर पाठवलं होतं की बंदरगावात इतरही सुंदर बेटं आहेत, खातं सुरू झाल्यावर जरूर भेट द्या. त्यावर तिचं दुसरं उत्तर आलं होतं. ते वाचताना मी नेहमीसारखा आवाज लावला नाही. साध्या आवाजातच वाचलं.

"दुसऱ्या बेटाचा मी काय करू तिथं माझी नणंद येनार नाय ती मोऱ्याच्या खडकावंच येते तुमच्यात कोन मानूस असल तर घरा ये मी सांगते."

खाली घराचा पत्ता. मोरा, उरण. जेटीच्या अलीकडे, विहिरीसमोर.

निखिलने हेडफोन काढले. "मॅम, ही केस मला माहितीये. पक्का बॉट आहे."

त्याने स्क्रीनवर आलेख लावला. दोन खाती. एक उरणहून, एक थेट कॅनडाच्या पश्चिम टोकाहून. दोन्ही एकाच वेळी येतात, एकाच खडकावर, एकाच वेळी जातात. शेजारचे खडक मालाने भरलेले असतात, तिथे कुणी खेळाडू नसतो, तरी तिकडे एक पाऊल टाकत नाहीत. माल कधी बाजारात नेत नाहीत. आणि वेळ बघा, तो म्हणाला. रोज आदल्या दिवसापेक्षा थोडी उशिरा. असे काही दिवस जिन्याच्या पायऱ्यांसारखे वर चढत जातात, मग मध्येच गायब. पुन्हा काही दिवसांनी तोच जिना पहिल्या पायरीपासून.

"स्क्रिप्ट आहे," निखिल म्हणाला. "पकडलं जाऊ नये म्हणून वेळ सरकवत नेते. माणूस असं का करेल? कॅनडात त्या वेळी पहाट असते."

आणि सर्वांत मोठा पुरावा. उरणचं खातं येणाऱ्या-जाणाऱ्या अनोळखी खात्यांना फुकट कालवं देत होतं. बॉट चालवणारे असंच करतात. माल एका खात्यातून दुसऱ्यात फिरवतात. देणारं खातं सिस्टिमने लगेच धरलं. कॅनडाचं खातं कुणाला काही देत नव्हतं, म्हणून ते वाचलं होतं. त्यावर फक्त नजर होती.

तो आलेख मला तर छान रांगोळीसारखा दिसला. पण मी साताऱ्याकडची. लग्न होऊन शिरवण्याला आले तेव्हा समुद्र पहिल्यांदा जवळून पाहिला. त्यामुळे त्या पायऱ्यांतलं मला ओ की ठो कळलं नाही. एवढंच वाटलं, नणंद येत नाही म्हणून तक्रार करणारा बॉट कोण बनवेल? भावजयीला नणंद हवी आहे, हे खोटं सुचायलासुद्धा मोठा लेखक लागेल.

कंपनीच्या नियमाप्रमाणे खेळाडूंना प्रत्यक्ष भेटायचं नसतं. त्यामुळे मी भेटायला गेले नाही. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून डेंटिस्टकडे गेले. डेंटिस्टकडे जाताना उलवे, मग कंटेनरच्या ट्रेलरांची रांग, मग उरण, मग मोरा, असा रस्ता लागला, त्याला माझा इलाज नाही.

विहिरीसमोरचं घर सापडायला वेळ लागला नाही. दाराशी एक बाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. साठी उलटलेली, कपाळावर मोठं कुंकू, केसात अबोलीचा वळेसर, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. त्या खुर्चीतून घरांच्या फटीतनं समुद्राचा एक उभा तुकडा दिसत होता.

मी नाव सांगितलं, गेमच्या कंपनीतून आले म्हणाले.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तूच का ती, आमाला दुसऱ्या बेटावं धाडनारी?"

मी म्हटलं, ती मशीन होती, मी माणूस. मग बसायला पाट मिळाला आणि चहा आला, पण माफी काही मिळाली नाही. गौरामावशींचा संशय ठाम होता की गेममधल्या कुठल्यातरी बाईने त्यांच्या विरुद्ध चुगली केली आहे. ती कोण, हे मी सांगावं. गेममध्ये चुगली नसते, सगळं मशीन बघतं, हे मी परोपरीने सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि विचारलं, मग मशीनला कोनी सांगितला?

हळूहळू गोष्ट उलगडली. ती नणंद म्हणजे हिरा, त्यांच्या नवऱ्याची बहीण. स्वतःचा नवरा वारल्यावर माहेरी परत आलेली, एका मुलीला घेऊन. गौरा नवीन सून, हिरा तिच्याच वयाची नणंद. घरात दोघींचं पटायचं नाही. मिठावरून भांडण, चुलीवरून भांडण. पण ओहोटीला दोघी मिळून खडकावर जायच्या. कालवं म्हणजे खडकाला घट्ट चिकटलेले शिंपले. लोखंडाच्या टोकाने ते फोडून आतला मऊ गर काढायचा. वाकून वाकून कंबर मोडते. तिथे दोघी अशी कितीतरी वर्षं शेजारी बसल्या. घरात जे बोलता यायचं नाही ते खडकावर बोलायच्या. नाहीतर काहीच बोलायच्या नाहीत.

मग हिराची मुलगी शिकली, नर्स झाली, कॅनडाला गेली आणि आईला घेऊन गेली. बाळंतपण, मग दुसरं बाळंतपण, मग शाळा. हिरा तिकडचीच झाली. इकडे गौरामावशींचे गुडघे गेले. खडक आता फक्त खुर्चीतून दिसतो.

"फोन करता ना?" मी विचारलं.

"करतंव की. ती इचारते जेवलीस का, मी बोलते जेवले. मी इचारते थंडी हाय का, ती बोलते हाय. झाला." त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "फोनवं गप बसता येत नाय, बाय. गप बसला का समोरचा बोलतो, हॅलो, हॅलो, आयकू येतंय का. खडकावं दोघी तासभर गप असायच्या. कोन हॅलो बोलत नसा."

कोपऱ्यात मांजर भांडं चाटत होतं, तेवढाच आवाज.

गेम हिराच्या मुलीने दोघींच्या फोनवर घातला होता, आईचा वेळ जावा म्हणून. बंदरगावात एक सोय आहे. दोन पात्रं जवळ उभी असली की त्यांना एकमेकांचा आवाज ऐकू येतो. कामाला हात, शेजारी माणूस, बोललं तर बोललं. दोघींनी एक खडक धरला आणि त्याला मोऱ्याचा खडक असं नाव दिलं. तेव्हापासून दुसऱ्या खडकाला हात लावला नाही. बाजूचे तर रिकामे होते, मी म्हटलं. गौरामावशी जरा कठोरपणे म्हणाल्या की खडक कधी रिकामा नसतो, तो कुणाचा तरी असतो. ती बाई आज आली नाही म्हणून तिच्या जागेवर हात मारायचा, हे मोऱ्यात कुणी केलं नाही आणि त्या पण करणार नाहीत.

आणि ती फुकट वाटलेली कालवं? त्यावर त्यांना माझीच कीव आली. काम चालू असताना कुणी येऊन उभा राहिला तर कालवणापुरतं द्यायचं असतं. हिरा देत नाही, ती पहिल्यापासून हाताची घट्ट आहे, आणि बघ, तिचंच खातं चालू राहिलं.

मग मी तो शेवटचा प्रश्न विचारला. वेळ रोज का सरकते, आणि मध्येच दिवसच्या दिवस दोघी का येत नाहीत?

गौरामावशी माझ्याकडे बघतच राहिल्या. खरंच विचारते आहे की टिंगल करते आहे, याचा अंदाज घेत असाव्यात.

"भरतीत खडकावं कोन जातं?" त्या म्हणाल्या.

मी त्या घरांच्या फटीतल्या समुद्राकडे पाहिलं. पाणी बरंच वर होतं. आणि निखिलचा तो जिना माझ्या डोळ्यांसमोर पायरी-पायरीने सरळ झाला. ओहोटी रोज थोडी उशिरा येते. अमावास्या-पुनवेच्या सुमाराला उधाण, तेव्हा पाणी खूप खाली जातं, खडक पार उघडे पडतात, त्या दिवसांत कालवं काढायची. मधल्या भांगाच्या दिवसांत पाणी पुरेसं उतरत नाही, तेव्हा घरी बसायचं. आमच्या गेममध्ये भरती-ओहोटी नाही. समुद्र चोवीस तास एकाच पातळीवर, चित्रासारखा. पण या दोघी मोऱ्याच्या पाण्याप्रमाणे लॉगिन करत होत्या. एक या खुर्चीतून बघून, आणि दुसरी कॅनडात पहाटे गजर लावून, मोबाइलवर मोऱ्याची ओहोटी शोधून.

"माझा बंद झाला तरी ती जाते," गौरामावशी म्हणाल्या. "मी बोलले तिला, नको जाव, मी नाय तिथं. तरी पानी उतरला का जाते. तिथं एकटीच उबी रेते."

इथे मात्र त्यांनी तोंड फिरवलं आणि मांजराला उगाच हाकललं.

दुसऱ्या खात्याने खेळा, असं मी सुचवणार होते, पण फोनच ब्लॉक झाला होता. शेजारणीच्या फोनवरून चालेल का, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या की स्वतःच्या खडकावर दुसऱ्याच्या नावाने चोरासारखी जाणार नाही. मग मी एकच गोष्ट मागितली. उद्या पाणी पुरतं उतरून परत फिरलं की मला मिस कॉल द्या. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. पाण्याची बातमी कुणाला हवी असते, त्यात त्यांना काही विशेष वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटायच्या वेळेला मी सगळ्यांना कॉन्फरन्स रूममध्ये बोलावलं. अपिलाची मुदत त्याच्या पुढच्याच दिवशी संपत होती. म्हटलं, सोमवारची एक तक्रार वाचायची राहिली आहे. पोरं खुशीत आली. चहावाला दारात उभा राहिला. मी दिवे मंद करायला लावले, तेवढा हक्क माझा. निखिलला सांगितलं, मोऱ्याचा खडक लाइव्ह लाव. आवाज नको, फक्त चित्र.

आणि मी खाली बसले. माझ्या आयुष्यातला हा पहिला प्रयोग, ज्यात मला एकही वाक्य नव्हतं.

स्क्रीनवर समुद्र, खडक, आणि खडकाच्या बाजूला निळं लुगडं नेसलेलं एक पात्र. हिरा. ती काही करत नव्हती. तिचा खडक चालू होता, तिला कालवं काढता येत होती, थकवा आला नव्हता. तिने काढली नाहीत. नुसती उभी.

एक-दोन मिनिटं सगळे गालात हसत होते. मग कुणाल घड्याळ बघायला लागला. "मॅम, हे हँग झालंय का?"

तेवढ्यात एक नवा खेळाडू धावत आला आणि त्या खडकावर टकटक करायला लागला. निळ्या पात्राने चटकन पुढे होऊन हात हलवला. गेममध्ये नमस्कार-टाटाला एक हातवारा आहे, तोच तिने परत परत, परत परत केला. कोंबड्या हाकलतात तसा. नवा खेळाडू बिचकून मागे सरला, शेजारच्या खडकावर गेला. रूममध्ये मोठा हशा झाला. मग हिरा पुन्हा आपल्या जागी येऊन उभी राहिली. खडकाच्या अगदी मधोमध नाही, एका कडेला. दुसरी कड मोकळी ठेवून.

हसू हळूहळू विरलं. ती मोकळी कड सगळ्यांना दिसली असावी.

आम्ही बसून राहिलो. बाहेर एमआयडीसीतल्या बसेस हॉर्न वाजवत निघत होत्या. मग टेबलावरचा माझा फोन एकदा वाजून बंद झाला.

"पाणी फिरलं," मी म्हणाले.

कुणाला काही कळलं नाही. मी स्क्रीनकडे बोट दाखवलं. थोड्याच वेळात निळं पात्र वळलं, झोपडीकडे चालत गेलं आणि दिसेनासं झालं.

मग मी त्यांना मोऱ्याची ओहोटी सांगितली. निखिलने आलेख परत लावला, फोनवर भरती-ओहोटीच्या वेळा काढल्या आणि एकावर एक ठेवून पाहिल्या. पायरीवर पायरी बसली. त्याने हेडफोन गळ्यातून काढून टेबलावर ठेवले.

"मॅम," तो म्हणाला, "बॉट वाट नाही बघत."

कुणालने आपल्या पांढऱ्या बुटांकडे पाहिलं. मग म्हणाला, "दात कसा आहे तुमचा?"

"किडका नव्हता," मी म्हटलं. "उगाच काढत होतो."

गौरामावशींचं खातं त्याच संध्याकाळी चालू झालं. पण खरा पेच पुढेच होता. कुणाल म्हणाला, थकव्याचा नियम मी काढणार नाही, आणि त्याचं बरोबर होतं. नियम काढला की बॉट परत येणार. पण नियम राहिला तर या दोघी अर्ध्या ओहोटीतच थकून गावात फेकल्या जाणार. निखिलने आधी सुचवलं, थकल्यावर हाकलायचं नाही, तिथेच बसू द्यायचं. मी गौरामावशींना फोन लावून विचारलं. त्या म्हणाल्या, रिकाम्या हातानी खडकावं बसून काय करू, मी काय पावनी हाय?

तेव्हा निखिलने जे केलं ते मला अजून आवडतं. त्याने थकवा ठेवला, फक्त हाकलणं आणि खाली बसणं काढलं. मर्यादा संपली की टोपलीत काही पडत नाही, पण काम थांबत नाही. हात चालतो, शिंपला फुटतो, आत काही नसतं. हवं तेवढा वेळ फोडत बसा.

हा बदल बाहेर गेल्यावर खेळाडू दुप्पट चिडले. काहीच मिळत नाही तर बटण ठेवलं कशाला, आमची थट्टा चालवली आहे का, असे ढीगभर मेल आले. मी ते पुढच्या सोमवारी झकास सादर केले. गोडाऊनवाल्या माणसाने मात्र वेगळं लिहिलं होतं. आता तो रात्री जेवणानंतर तिथेच बसतो म्हणे, शिंपले फोडत. काही मिळत नाही, पण बरं वाटतं. का ते त्यालाही सांगता आलं नव्हतं. होडीवाल्या मुलाची होडी भाऊ येईपर्यंत झाली नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं. नियमाने कुणाचं तरी नुकसान होतंच, आणि दर वेळी मोऱ्याला जाऊन ते निस्तरता येत नाही.

या प्रकरणातून माझ्या कामात एवढाच फरक पडला. पूर्वी फार्मिंगची तक्रार आली की मी बघायचे, याचं किती बुडालं. आता आधी बघते, हा तिथे कुणाबरोबर बसायचा.

गौरामावशी आणि हिरा अजून येतात. उधाणाच्या दिवसांत मी कधीकधी ऑफिसातून निघता निघता तो खडक उघडून पाहते. निळं लुगडं एका कडेला, हिरवं दुसऱ्या. मर्यादा कधीच संपलेली असते. दोघी रिकामे शिंपले फोडत असतात. आवाज मी लावत नाही. माझ्या आईबरोबर अंगणात बसून मी शेंगा सोलायचे, तेव्हा आम्हीही फार काही बोलत नव्हतो. त्या शेंगांचं पुढे काय व्हायचं, ते मला आठवत नाही.

गौरामावशींचं एक तिकीट मात्र अजून बाकी आहे. तिकीट म्हणजे नोंदवलेली तक्रार. खातं चालू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी ते टाकलं. त्यात लिहिलं आहे की तुमच्या गेमातलं पाणी उतरत नाही, ते उतरवा. निखिल म्हणतो, होईल, पण सगळा समुद्र नव्याने बनवावा लागेल. कुणाल म्हणतो, यादीत सर्वांत शेवटी टाका.

सपोर्टमध्ये उघडी तिकिटं चांगली दिसत नाहीत. दर महिन्याला रिपोर्टमध्ये ते लाल रंगात येतं, आणि दर महिन्याला कुणाल मला विचारतो, हे बंद का करत नाही.

मी म्हणते, पाणी उतरलं की करते.